आधी बोंबलव, मग गप्प कर!

आमच्या लॅबमधले किस्से टेबलाखाली पडणाऱ्या सोल्डरच्या थेंबांसारखे आहेत. रोज एखाद-दुसरा पडतो, कोणाचं लक्ष जात नाही, आणि एक दिवस खुर्ची सरकवायला जावं तर चाकच अडतं! मग खाली वाकून बघितलं की कळतं, बापरे, एवढे साठले?

लॅब म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. बुलढाण्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली खतं-बियाणं, वर रेडिओ. जिना चढताना युरियाचा वास येतो आणि वर पोचलं की सोल्डरचा. माणसं तीन. आमचे साहेब प्रमोद सर, धामणगाव बढ्याचे. बंगलोरची चांगली नोकरी सोडून "मले माह्या गावाजवळ बसून चिपवर काम करायचं आहे" म्हणत परत आलेले. दुसरा इरफान, पिंपळगाव राजाचा, कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर लिहिणारा. तिसरी मी, वैशाली, देऊळगाव राजाची. माझी भाषा जालन्याकडे झुकते म्हणून हे दोघं मला परप्रांतीय समजतात.

चिप पुण्याच्या कंपनीची. शेतातला मोटरपंप घरबसल्या चालू-बंद करायचं यंत्र असतं ना, त्यातला रेडिओ रिसीव्हर. त्यातल्या फिल्टरला वळण लावायचं काम आमचं. वळण लावणं म्हणजे काय, ते मी सांगण्यापेक्षा इरफाननं होणाऱ्या सासऱ्याला कसं सांगितलं तेच ऐका.

*

इरफानचं लग्न मोताळ्याच्या नाझियाशी ठरत होतं. ती तिथल्या शाळेत शिक्षिका, नोकरी पक्की. तिचे अब्बा रऊफचाचा, मोताळ्यात हार्डवेअरचं दुकान. पोरगा नेमकं करतो काय हे बघायला एक दिवस चाचा थेट लॅबमध्ये आले. खुर्चीवर बसले, टेबलावरचा नखाएवढा तुकडा बघितला आणि म्हणाले, "हे? एवढुशाले तीन इंजिनिअर?"

इरफान घामाघूम! तरी त्यानं जीव तोडून सांगितलं. "चाचा, हवेत शंभर जणांचे सिग्नल चालू असतात. हा फिल्टर फक्त आपला एक आत घेते, बाकीच्याईले बाहेर ठेवते. पण कारखान्यातून प्रत्येक चिप जराशी वेगळी निघते. वरून गरमी झाली की अजून सरकते. म्हणून चिपच्या आत बारके बारके कपॅसिटर ठेवले आहेत. थे जोडून-तोडून फिल्टरले जाग्यावर आणा लागते."

चाचांनी तो तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे लग्नाच्या पंगतीत कितीबी कल्ला असला, तरी याले बायकोचाच आवाज ऐकू येईन. असंच ना?"

"हाव चाचा."

"मंग पोरगी दिली!" चाचा उठले आणि दारात जाऊन परत वळले. "पण एक ध्यानात ठेव. नाझिया मोताळ्याची नोकरी सोडणार नाही. तू इथं राह्यला त निकाह, अन् पुण्याले गेला त आपली दुवा-सलाम."

इरफान हसत "हाव" म्हणाला. प्रमोद सर मात्र खिडकीबाहेर बघायला लागले. कारण त्याच आठवड्यात पुण्याहून विचारणा झाली होती की बुलढाण्याला वेगळी लॅब हवीच कशाला, सगळ्यांना इकडेच बोलावून घेऊ. शेवटचा निर्णय पुण्याच्या देशमाने मॅडम देणार होत्या. चिप त्यांच्या परीक्षेत पास झाली तर लॅब इथेच राहणार, नाहीतर तिघांनीही बॅगा भरायच्या.

*

मी नवीन होते तेव्हा सरांनी मला कॅलिब्रेशन, म्हणजे हे वळण लावणं, एका वाक्यात शिकवलं. "आधी बोंबलव, मग गप्प कर!"

मला वाटलं माझ्याबद्दल बोलताहेत. पण पद्धत खरंच तशी आहे. फिल्टर शांत असला की तो कुठल्या सुरात बसलाय हे कळत नाही. म्हणून आधी त्याचा लगाम सोडायचा. तो आपणहून बोंबलायला लागतो. कुठल्या सुरात बोंबलतो ते घड्याळात असतो तशा क्रिस्टलच्या पक्क्या ठोक्याशी ताडून बघायचं, कपॅसिटर कमी-जास्त करायचे, सूर जुळला की लगाम परत आवळायचा. झाला गप्प. आता तो गुमान ऐकायचं काम करतो.

एकदा इरफान लगाम आवळायची ओळ लिहायलाच विसरला. चिप बसवलेल्या बोर्डाला भलीमोठी अँटेना लावलेली, बोर्ड खिडकीत ठेवलेला, आणि फिल्टर आपला बोंबलतोय! आम्हाला पत्ता नाही, आम्ही पोहे खात होतो.

खाली कृषी केंद्रासमोर एका पुढाऱ्याची पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर रिमोट दाबतोय, गाडी ढिम्म. पुढारी उन्हात. त्यांनी स्वतः दाबला, तरी ढिम्म. कार्यकर्ते जमले. एक जण म्हणाला सेल गेला, दुसरा म्हणाला विरोधकांचं काम आहे!

कृषी केंद्राचे मालक भाऊ बाहेर आले. भाऊ तसे भाविक. त्यांनी बोनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटले. नेमकं त्याच क्षणी वर इरफानच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं बोर्डाची पिन उपटली.

खाली गाडी म्हणाली, टुक-टुक.

पुढारी भाऊंच्या पाया पडले. आता गावात कोणाचीही गाडी रुसली की लोक मेकॅनिकच्या आधी भाऊंना गाठतात. वरच्या बोंबेत रिमोटचा सिग्नल बुडत होता, हे आम्ही त्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "असं असेन. पण तुले पिन उपटायची बुद्धी कोनं देली, थे सांग!"

*

या चिपची एक खोड आहे. वीज आहे तोवरच तिला सगळं लक्षात असतं. लाईट गेली की पाटी कोरी, जुळवलेला सूर विसरली. आणि आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काय हे काय सांगायचं!

एकदा मॅडमना दिवसभराची मोजणी पाठवायची होती. सरांनी सकाळीच वायरमन सुरेशभाऊंना फोन लावला. "सुरेशभाऊ, आज संध्याकाळपर्यंत लाईट जाऊ देऊ नका. फिल्टर कॅलिब्रेट करून राह्यलो."

"सर, आज गावात लग्नं आहेत. सगळे असंच म्हणून राह्यले. तुमच्या फिल्टरचं लग्न आहे का?"

सर इरफानकडे बघून ठासून म्हणाले, "हाव! लग्नाचाच मामला आहे!"

त्या दिवशी अख्ख्या गल्लीत लाईट फडफडलीसुद्धा नाही. मोजणी पूर्ण झाली, मॅडमना गेली. संध्याकाळी सुरेशभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात हजर. "नवरदेव कुठी आहे?"

इरफाननं लाजत हात वर केला. सुरेशभाऊंनी त्याला मिठी मारली आणि बजावलं, "मले पत्रिका पाह्यजे. नाही त फ्यूज माह्याच हातात आहे."

*

चिप गरम-थंड करून बघायला मोठ्या कंपन्यांत कपाटाएवढं यंत्र असतं. आमच्याकडे राजूर घाट आहे.

बुलढाणा वर, गार. घाट उतरून मोताळ्याकडे गेलं की गरम, आणि पुढे मलकापूरला मे महिन्यात तर अंगावरचा शर्टही नको वाटतो. सरांची जुनी जीप, मागच्या सीटवर बोर्ड, त्यावर चिकटवलेला थर्मामीटर. वाटेत ठिकठिकाणी थांबून कॅलिब्रेशन करायचं आणि आलेखावर बिंदू टाकायचा. सरांनी या पद्धतीला नावही दिलं होतं, 'घाट टेस्ट'.

हे काम इरफाननं आपणहून मागून घेतलं. आम्हाला वाटलं, किती मेहनती पोरगा!

आठवड्यानं आलेख आला. बुलढाण्याला एक बिंदू, घाटात एक, मलकापूरला एक आणि मध्ये मोताळ्याला बिंदूंचा नुसता ढीग. सगळे शाळा सुटायच्या वेळचे!

देशमाने मॅडम फोनवर होत्या. त्यांचा आवाज कायम परीक्षेच्या हॉलमधला. "बाकी ठिकाणी एकेक बिंदू, आणि इथेच एवढी गर्दी का?"

इरफान म्हणाला, "मॅडम, खात्री करून घेत होतो."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "बे, हा आलेख नाझियाले नेऊन दे. आपल्या काय कामाचा आहे?"

तिकडे नाझियाचे विद्यार्थी तिला विचारत होते म्हणे, "मॅडम, शाळेसमोर एक माणूस रोज थर्मामीटर घेऊन उभा राह्यते. थो डॉक्टर आहे का?" तिनं सांगितलं, "नाही रे बाबा. पेशंट आहे."

*

आता कॉपीचं प्रकरण.

मॅडमच्या परीक्षेच्या महिनाभर आधी एक भूत मागे लागलं. टेबलावर सगळे बोर्ड मांडून कॅलिब्रेशन केलं की सगळे पास. त्यातला एक उचलून बाजूच्या खोलीत एकटा कॅलिब्रेट केला की नापास! परत आणून ठेवला की पास. सरांनी जागा बदलली, वायरी बदलल्या, शेवटी वास्तूचा विषय काढला. इरफान जेवेनासा झाला. त्याला रात्रंदिवस एकच दिसायचं, पुण्याची बस.

मी लहानपणी परीक्षांना पुष्कळ बसलेय. जोडीनं पास आणि एकट्यानं नापास होणारी मंडळी मी ओळखते. मी म्हटलं, "सर, ह्या कॉपी करायल्यात!"

तसंच निघालं. कॅलिब्रेशनला सगळे फिल्टर एकदम बोंबलत होते. त्यातला एखादा जोरात बोंबलला की शेजारचे आपला सूर सोडून त्याच्या सुरात सूर मिसळायचे. जोरातला बरोबर असला की सगळे बरोबर. तो चुकला की सगळी बाकडी नापास.

मग खरं कोणाला येतं हे बघायला प्रत्येकाला वेगळं बसवायला हवं होतं. धातूच्या बंद पेटीतून सूर बाहेर जात नाही. तशा पेट्या आमच्याकडे कुठून येणार? होते ते जेवणाचे स्टीलचे डबे. त्या दिवसापासून चिपा डब्यात आणि आमच्या भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत! एका बोर्डाला ठेच्याचं तेल लागलं, तर सर म्हणाले, "असू दे, याले थोडा तिखटपणा पाह्यजेच होता."

इरफाननं आठवडाभर बसून नवीन प्रोग्रॅम लिहिला. बोंबलण्याआधी चिपनं अँटेनाचं दार आतून लावून घ्यायचं. उत्तर आलं तरी जरा थांबून पुन्हा बोंबलायचं, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच मानायचं. आम्ही रिपोर्ट केला, फोटो जोडले, पुण्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "रिपोर्ट वाचला. कल्पना चांगली आहे. फक्त पान उलटल्यावर जो फोटो आहे, त्या डब्यावर काहीतरी कोरलंय."

आम्ही फोटो मोठा करून पाहिला. डबा सरांच्या घरचा. झाकणावर ठसठशीत अक्षरं होती, 'कै. तुळसाबाई यांच्या स्मरणार्थ'.

मॅडम म्हणाल्या, "कॅलिब्रेशन कोणाच्या स्मरणार्थ केलंय, हे रिपोर्टमध्ये नसलं तरी चालतं."

*

आणि मग मे महिन्यात मॅडम स्वतः आल्या.

बारीक चणीच्या, पांढरे केस, खांद्याला जाडजूड काळी पर्स. जिना चढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "टेबलावरचे सगळे बोर्ड बंद करा. सेल काढा." आम्ही काढले. "आता खिसे दाखवा." सरांनी खिसे उलटे केले. त्यातून सुपारी, स्क्रू आणि बाळापूर नाक्याचं जुनं तिकीट निघालं. इरफानच्या खिशातून नाझियाचा फोटो निघाला. मॅडमनी तो पाहिला, पालथा केला आणि परत दिला.

इरफान माझ्या कानात पुटपुटला, "ताई, ह्या मॅडम नाहीत. भरारी पथक आहे."

"परीक्षा कुठे घेता तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"मलकापूरला," सर म्हणाले.

"चला."

जीप घाट उतरायला लागली. मॅडम मागच्या सीटवर, मांडीवर एकच बोर्ड, शेजारी त्यांची पर्स. मोताळा आलं. शाळेसमोरून जाताना इरफाननं त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. एरवी चिडवणारी मीच, पण त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, होऊ दे रे बाबा याचं.

मलकापूरला बसस्टँडबाहेर जीप उभी केली. टपावर पापड भाजले असते अशी दुपार. मॅडमनी बोर्ड चालू केला. शोध चालू असताना लाल दिवा लुकलुकतो, सूर सापडला की हिरवा लागतो. एरवी चहाचा घोट घेईपर्यंत हिरवा होतो.

लाल. लाल. लाल.

इरफानचे ओठ हलत होते. सर स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, गाडी बंद असताना! मॅडम दिव्याकडे बघत नव्हत्या, इरफानकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्स उचलून जरा अलीकडे घेतली, रुमाल काढला, घाम पुसला.

आणि हिरवा लागला.

मॅडमनी आपल्या मीटरवर तपासलं. पुन्हा तपासलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. बुलढाण्याची लॅब बुलढाण्यातच राहील, असं मी कळवते." सर खाली उतरून रस्त्यातच नाचायला लागले, मागून एसटीवाल्यानं हॉर्न दिला. इरफान मात्र जीपमध्येच हमसून हमसून रडला. परत येताना मोताळ्याला मॅडमनीच जीप थांबवायला लावली. "जा," त्या इरफानला म्हणाल्या. "एक बिंदू टाकून या."

परवा निकाह झाला. मोताळ्यात मांडव, आम्ही सगळे हजर. सुरेशभाऊ पत्रिका खिशात घेऊनच आले होते आणि जनरेटरवाल्याला सूचना देत फिरत होते. भाऊंनी नवरदेवाच्या गाडीवर हात ठेवला. रऊफचाचा प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "जावई असा पाह्यला आहे की कितीबी कल्ला असला तरी पोरीचाच आवाज ऐकते!" आणि देशमाने मॅडम पुण्याहून खास आल्या होत्या, रेशमी साडीत. हातात तीच काळी पर्स.

त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढून इरफानच्या हातात दिली. इरफानला वाटलं घड्याळ असेल. उघडली तर आत आमच्याच चिपचा एक बोर्ड!

"त्या दिवशी मलकापूरला हा माझ्या पर्समध्ये होता," मॅडम म्हणाल्या. "चालू. सारखा बोंबलत."

सरांच्या हातातला गुलाबजाम ताटात पडला. इरफानचा चेहरा सेहऱ्यामागे पांढराफटक. शेवटी त्यानं कसंबसं तोंड उघडून विचारलं, "मॅडम, हा बरोबर सुरात बोंबलत होता, का मुद्दाम चुकीच्या? म्हणजे माह्या चिपनं याची कॉपी केली, का याचं न ऐकता सोताच्या अकलेनं पास झाली?"

मॅडमनी शांतपणे गुलाबजाम तोंडात टाकला. नाझियाकडे बघितलं. मग इरफानकडे.

"लग्न झालं ना तुमचं? मग जेवा!"

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा आम्ही तिघांनी डबीवर झडप घातली. अजून कुठल्या सुरात बोंबलतोय ते बघितलं की क्षणात कळणार होतं. सरांनी बोर्ड उलटा केला.

सेल काढून घेतलेला होता. पाटी कोरी!